ड ने माघार घेतली आणि पहिला नंबर बदलला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच कळेल. पुण्यातली 48 फ्लॅटची तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. चार बिल्डरांच्या ऑफर आल्या. सभेत हात वर करून निकषांना वजन ठरलं: वाढीव कार्पेटला (घराच्या आतल्या वापरायच्या जागेला) 50, कॉर्पसला (बिल्डर दर घराला देतो त्या रकमेला) 25, कामाच्या मुदतीला 25. सचिव म्हणून तुम्ही एक्सेलमध्ये तक्ता केला, त्यात ब 90 गुणांनी पहिला आला आणि अ 75 वर राहिला. दोन दिवसांनी ड ने ऑफर मागे घेतली. ड तसाही शेवटचा होता, त्याला 18.75 गुण होते. तुम्ही त्याची ओळ काढून टाकली आणि अ पहिला आला. त्याचे 75 तसेच राहिले, ब मात्र 90 वरून 50 वर घसरला. आता निम्मे सभासद म्हणतात की सचिवांनी आकडे फिरवले. तुम्हाला जाणून घ्यायचंय, तक्ता कुठे चुकला, आणि यासाठी खात्रीचं एखादं सॉफ्टवेअर आहे का?

आकडे तुम्ही फिरवलेले नाहीत. सगळी आकडेमोड मी पुन्हा करून पाहिली, ती बरोबर आहे. हे उत्तर सभेत वाचून दाखवलंत तरी चालेल. गेली वीस वर्षं मी खरेदी समित्यांसाठी आणि संस्थांसाठी असे तक्ते करतो आहे, आणि अशा घोळात प्रामाणिक माणसावर संशय आलेला मी अनेकदा पाहिला आहे. दोष आहे तो गुण देण्याच्या रीतीत, आणि पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही तो सर्रास असतो.

तुमचे आकडे समोर ठेवू. अ: कार्पेट 32 टक्के जास्त, कॉर्पस 6 लाख, मुदत 33 महिने. ब: 28 टक्के, 8 लाख, 30 महिने. क: 29 टक्के, 4 लाख, 36 महिने. ड: 12 टक्के, 5 लाख, 33 महिने. प्रत्येक निकषात सगळ्यात चांगल्या ऑफरला पैकीच्या पैकी, सगळ्यात वाईट ऑफरला शून्य, मधल्यांना त्या प्रमाणात, असे तुम्ही गुण दिलेत. बहुतेक जण असंच करतात. पण यात शून्य कुठे पडणार हे आलेल्या ऑफरच ठरवतात. ड होता तेव्हा कार्पेटची पट्टी 12 ते 32, म्हणजे 20 टक्क्यांची होती. त्या पट्टीवर ब चे 28 टक्के म्हणजे 50 पैकी 40 गुण. ड गेल्यावर पट्टी 28 ते 32, फक्त चार टक्क्यांची उरली आणि त्याच 28 टक्क्यांना शून्य मिळालं. ब ने काहीच कमी केलेलं नव्हतं, तुमची पट्टी आखडली होती.

आता हेच पैशात बघा, कारण सभासदांना ते पटकन कळेल. कॉर्पसची पट्टी 4 ते 8 लाखांची आहे आणि तिला 25 गुण, म्हणजे एक लाखाला सव्वासहा गुण. ड असताना कार्पेटच्या 20 टक्क्यांना 50 गुण होते, म्हणजे एका टक्क्याला अडीच. याचा अर्थ तुमचा तक्ता एक टक्का कार्पेट 40,000 रुपयांच्या बरोबरीने धरत होता. 500 फुटांच्या फ्लॅटला एक टक्का म्हणजे 5 चौरस फूट, तेव्हा भाव पडला फुटाला 8,000. ड गेला आणि चार टक्क्यांनाच 50 गुण झाले, एका टक्क्याला साडेबारा. तोच टक्का दोन लाखांचा झाला आणि भाव फुटाला 40,000 वर गेला. तुमच्या भागात नव्या बांधकामाचा भाव कार्पेटवर साधारण 15,000 आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे आधीचा तक्ता कार्पेट निम्म्या भावाने मोजत होता आणि नंतरचा अडीचपटीहून जास्त भावाने. सभेत यातला कुठलाही भाव कोणी मंजूर केला नव्हता. सभेने फक्त "50" म्हटलं होतं.

माझा सगळा सल्ला यातूनच निघतो. "कार्पेट किती महत्त्वाचं?" या प्रश्नाला नेमकं उत्तर देताच येत नाही. 28 वरून 32 वर जाणं कॉर्पसमधल्या दोन लाखांपेक्षा मोलाचं आहे का, याला देता येतं. वजन निकषाचं नसतं, त्या निकषात समोर दिसणाऱ्या फरकाचं असतं. पाणीटंचाईच्या गावात घर बघताना पाणी सगळ्यात महत्त्वाचं हे खरं, पण बघितलेल्या चारही घरांना सारखंच पाणी असेल तर निवड करताना पाण्याचं वजन शून्य. निर्णयशास्त्राचे अभ्यासक वॉर्ड एडवर्ड्स यांनी रुळवलेल्या वजनाच्या पद्धतीत हेच गृहीत आहे. आधी फरक दाखवायचा, मग विचारायचं की यातला कुठला फरक भरून निघाला तर तुम्हाला सगळ्यात जास्त बरं वाटेल.

ऑफर उघडण्याआधी तुम्ही मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, पट्टी आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. कार्पेट 10 ते 35 टक्के, मुदत 24 ते 36 महिने, असं काहीतरी. मुदतीचं वरचं टोक 36 धरायला आधारही आहे, कारण सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79(अ) खाली 4 जुलै 2019 ला निघालेल्या शासन निर्णयात काम दोन वर्षांत आणि अपवाद म्हणून तीन वर्षांत पूर्ण व्हावं असं आहे. अशी ठाम पट्टी असली की कोणी आलं काय नि गेलं काय, बाकीच्यांचे गुण हलत नाहीत. आता ऑफर उघडल्या आहेत आणि सगळ्यांना तोंडपाठ आहेत. आज पट्टी ठरवायला बसलात तर जो तो आपल्या आवडत्या बिल्डरच्या सोयीची पट्टी सुचवेल. म्हणून दुसरी वाट धरू.

आधी वजनाशिवाय जितकं होईल तितकं करून घ्या. क आणि अ शेजारी ठेवा: अ चं कार्पेट जास्त, कॉर्पस जास्त, मुदत कमी. तिन्हीत अ वरचढ आहे. ड आणि अ मध्ये मुदत सारखी, बाकी दोन्हीत अ पुढे. म्हणजे या तीन निकषांवर क आणि ड कुठल्याही वजनाने जिंकू शकत नाहीत. तुमच्या सभेत क वर तासभर चर्चा झाली असं तुम्ही लिहिलंत; हे दहा मिनिटं आधी केलं असतं तर तो तास वाचला असता. आणि हे लक्षात घ्या की जिंकण्याची शक्यताच नसलेल्या ड च्या जाण्याने तुमचा पहिला नंबर बदलला. ज्या तक्त्यात असं होऊ शकतं त्यावर करार करू नये.

राहिले अ आणि ब. इथे मी अदलाबदलीची रीत वापरतो. तिचं मूळ जुनं आहे. 1772 साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी जोसेफ प्रिस्टली यांना पत्रात कळवलं होतं की निर्णय अडला की कागदाच्या मधोमध रेघ मारावी, एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे तीन-चार दिवस सुचतील तसे लिहीत जावेत, आणि बरोबरीचे वाटतील ते समोरासमोर खोडत जावेत. जे उरेल त्यावर ठरवावं. तुमच्याकडे खोडायला रुपये आहेत, त्यामुळे काम आणखी सोपं होतं.

500 फुटांचा फ्लॅट घ्या. अ कडे चार टक्के जास्त म्हणजे 20 फूट, 15,000 च्या भावाने 3 लाख. ब कडे कॉर्पस 2 लाख जास्त. दोन लाख दोन्हीकडून खोडा. अ च्या बाजूला 1 लाख उरले, ब च्या बाजूला तीन महिने. सगळा तक्ता एका प्रश्नावर आला: घर तीन महिने आधी मिळावं म्हणून मी एक लाख सोडीन का? हा प्रश्न चौथ्या मजल्यावरच्या आजींनाही कळतो, आणि त्याचं उत्तर त्यांना कुठल्याही तज्ज्ञापेक्षा चांगलं देता येतं.

पण तुमच्याकडे सगळे फ्लॅट 500 फुटांचे नाहीत. 350 चे 16, 500 चे 20 आणि 700 चे 12 असं तुम्ही कळवलंत, आणि कॉर्पस सर्वांना सारखाच आहे. 350 फुटांच्या घरात चार टक्के म्हणजे 14 फूट, 2 लाख 10 हजार. त्यातून दोन लाख वजा केले की अ कडे फक्त 10,000 उरतात. 700 च्या घरात 28 फूट, 4 लाख 20 हजार, अ कडे 2 लाख 20 हजार उरतात. म्हणजे तीन महिन्यांची किंमत लहान घराला दहा हजार, मधल्याला एक लाख, मोठ्याला दोन लाख वीस हजार पडते. तुमच्या सोसायटीतलं भांडण कदाचित कोणाच्या हेतूचं नसेलच. एकच ऑफर तिघांना वेगळी पडते. हे भिंतीवर दाखवा, आवाज खाली येतील. एकत्र बेरीज केलेल्या गुणांत हा फरक दिसत नाही, म्हणून मला असे गुण एकट्याने कधीच पुरेसे वाटत नाहीत.

आता आकड्यांच्या खाली थोडं उकरू, कारण ऑफरमध्ये लिहिलेलं आणि हातात पडणारं यांत अंतर असतं.

कॉर्पस कधी मिळणार हे तुमच्या तक्त्यात नाही. दोघंही एकाच टप्प्यावर देतात असं मी वर धरलं आहे. समजा अ घर रिकामं करताना 6 लाख देतो आणि ब ताबा देताना 8 लाख. अडीच वर्षांनी मिळणाऱ्या 8 लाखांची आजची किंमत 7 टक्के व्याजाने साधारण पावणेसात लाख होते. मग ब ची दोन लाखांची आघाडी पाऊण लाखावर येते आणि वरचा हिशोब बराचसा अ कडे झुकतो. ऑफरमधली ती ओळ आजच वाचा.

मुदतीचं तर त्याहून जास्त. 30 महिने हे ब चं आश्वासन आहे. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर बिल्डरचे नोंदवलेले प्रकल्प दिसतात, त्यांत मूळ पूर्णत्वाची तारीख आणि वाढवून घेतलेली तारीखही दिसते. अ आणि ब यांचे शेवटचे तीन-तीन प्रकल्प काढा आणि किती महिने वाढवून घेतले ते लिहा. ब दर वेळी वर्षभर लांबला असेल तर त्याच्या तीन महिन्यांच्या आघाडीला काही अर्थ नाही, आणि एक लाखाचा प्रश्न विचारायचीही गरज उरत नाही. "अनुभव: दहापैकी किती?" असं सभेत विचारून जमवलेल्या गुणांपेक्षा हा एक आकडा मला कितीतरी मोलाचा वाटतो. त्या गुणांत बिल्डरच्या सादरीकरणातली चित्रं आणि चहाबरोबरची बिस्किटंसुद्धा मिसळलेली असतात.

हे सांगताना क कडे परत येतो, कारण काही ज्येष्ठ सभासदांचा भरवसा क वर आहे आणि ती भावना झटकून टाकण्यासारखी नाही. 500 फुटांच्या घराला क पेक्षा अ तीन टक्के कार्पेट जास्त देतो, म्हणजे सव्वादोन लाख. कॉर्पस दोन लाख जास्त. मिळून सव्वाचार लाख, वर तीन महिने लवकर. क वरच्या भरवशाची किंमत अशा प्रत्येक घराला इतकी आहे. महारेराची नोंद, पूर्ण केलेली कामं आणि तिथल्या रहिवाशांशी बोलणं यातून कोणाला ती योग्य वाटली तर त्यात काही गैर नाही. मात्र ती किती आहे हे माहीत असताना ठरवावं.

आणि काही गोष्टींना वजन देऊच नये. बँक हमी त्यातली पहिली. 2019 च्या निर्णयात प्रकल्प खर्चाच्या 20 टक्क्यांच्या हमीची अट आहे. ती जो देणार नाही, त्याने 40 टक्के कार्पेट देऊ केलं तरी तो तक्त्यात येता कामा नये. बेरजेच्या तक्त्यात एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या गुणांनी भरून निघते, आणि काम अर्धवट टाकून गेलेल्या बिल्डरची उणीव कशानेच भरून निघत नाही. फ्रान्समध्ये बेर्नार रॉय यांनी 1968 मध्ये इलेक्ट्र ही पद्धत मांडली. तिच्या पुढच्या रूपांत नकाराधिकाराची मर्यादा आली: एका निकषात ठरावीक सीमेपेक्षा जास्त मागे असलेली ऑफर बाकी कितीही चांगली असली तरी वरचढ मानायची नाही. तुमच्यासाठी याचं साधं रूप पुरेसं आहे. तक्त्याच्या आधी एक चाळणी, उत्तर हो किंवा नाही, गुण नाहीत.

आता सॉफ्टवेअर. सगळ्यात जास्त कानावर पडतं ते एएचपी, थॉमस साटी यांची पद्धत, आणि तिच्यावर आधारलेलं एक्स्पर्ट चॉइस. निकषांच्या जोड्या लावून "हा त्यापेक्षा किती महत्त्वाचा?" असं 1 ते 9 च्या मापावर विचारतात, आणि मग प्रत्येक निकषात ऑफरच्याही तशाच जोड्या लावतात. तीन निकष आणि चार ऑफर असतील तर प्रत्येक सभासदाला 21 प्रश्न. उत्तरं आपापसांत किती जुळतात हे संगणक मोजतो आणि विसंगती 0.10 च्या वर गेली की पुन्हा विचार करायला सांगतो. ही सोय चांगली आहे. पण उत्तरं एकमेकांशी जुळणं वेगळं आणि ती बरोबर असणं वेगळं. शिवाय तुम्हाला जो त्रास झाला तोच इथेही होऊ शकतो. 1983 मध्ये व्हॅलरी बेल्टन आणि टोनी गिअर या संशोधकांनी दाखवून दिलं की आहे त्याच पर्यायाची हुबेहूब नक्कल यादीत घातली तरी एएचपीमधला पहिला नंबर बदलू शकतो. टॉप्सिस या दुसऱ्या पद्धतीत पर्याय आदर्शाच्या किती जवळ आहे ते मोजतात; तिथेही आदर्श पर्याय आलेल्या ऑफरमधूनच तयार होतो, त्यामुळे तिथेही ऑफर काढली-घातली की क्रम हलू शकतो. सरकारी निविदांत गुणवत्ता आणि किंमत यांचे एकत्रित गुण काढतात, तिथे किमतीचे गुण सगळ्यात कमी बोलीला आपल्या बोलीने भागून येतात, म्हणजे सगळ्यात स्वस्त बोलीदार बाद झाला की तिथेही हीच वेळ येऊ शकते.

मला त्यातल्या त्यात 1000माइंड्सची प्रश्न विचारण्याची रीत आवडते. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं हे साधन एका वेळी दोन काल्पनिक पर्याय समोर ठेवतं, दोनच निकषांत वेगळे, आणि कुठला घ्याल एवढंच विचारतं. तिथे शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत कोणाला आधी घ्यायचं हे ठरवायलाही ते वापरलं गेलं आहे. निकष सात-आठ आणि पर्याय शेकडो असतील तर अशा साधनाचा खरा उपयोग होतो. तुमच्याकडे उरल्या आहेत दोन ऑफर. त्यासाठी एक पैसाही खर्च करू नका.

तुमची एक्सेलची फाइल घ्या आणि वरच्या बाजूला तीन पिवळ्या चौकटी करा: फ्लॅटचं कार्पेट, फुटाचा भाव, एका महिन्याची किंमत. खाली दोन ओळी, अ आणि ब, प्रत्येकीसमोर रुपयांतली बेरीज. गुणांचा रकाना काढून टाका. सभेत प्रोजेक्टरवर लावा आणि सभासदांना ओरडून आकडे सांगू द्या. "भाव 15,000 कशाला, 12,000 धरा" असं कोणी म्हटलं तर धरा: 500 फुटांच्या घराला अ कडे एक लाखाऐवजी फक्त 40,000 उरतात. 18,000 धरले तर 1 लाख 60 हजार उरतात. निकाल कुठे पलटतो हे लोकांना डोळ्यांनी दिसलं की आकडे कोणी फिरवले हा विषयच उरत नाही, कारण फिरवणारे तेच असतात.

महिन्याची किंमत मात्र सभेत विचारू नका. मोठ्या आवाजाच्या माणसाने "मला शून्य" म्हटलं की बाकीचे गप्प बसतात. आठवडाभर आधी प्रत्येक घरात चिठ्ठी द्या, नाव नको, फक्त फ्लॅटचा आकार: घर तीन महिने आधी मिळणार असेल तर त्यासाठी जास्तीत जास्त किती सोडाल? काही नाही, 10,000, 50,000, एक लाख, दोन लाख, त्याहून जास्त. भाडं बिल्डर देत असला तरी शाळा बदललेली मुलं, जिना चढू न शकणारे आईवडील, पंचाहत्तरीत भाड्याच्या घरात काढायचे दिवस, यांची किंमत प्रत्येक घरात वेगळी आहे आणि ती त्यांनीच सांगायची आहे. चिठ्ठ्या तीन आकारांप्रमाणे वेगळ्या करा आणि प्रत्येक गटातल्या चिठ्ठ्या रकमेच्या क्रमाने लावून मधली बघा; तिला तीनने भागलं की त्या गटासाठी एका महिन्याची किंमत मिळते. सरासरी काढू नका, एकाच मोठ्या आकड्याने ती फुगते.

याचा जास्त मोठा उपयोग मला निवडीपेक्षा वाटाघाटीत दिसतो. ब ने कार्पेट 28 चं 30 केलं तर काय होतं बघा. 700 फुटांच्या घराला अ ची आघाडी 14 फुटांची उरते, 2 लाख 10 हजार. त्यातून कॉर्पसचे दोन लाख गेले की अ कडे 10,000 आणि ब कडे तीन महिने. 500 आणि 350 ला तर ब पैशातच पुढे जातो. म्हणजे तिन्ही गट एका बाजूला येतात. उलट अ ने मुदत 33 ची 30 केली आणि उशिराला दर महिन्याचा दंड मान्य केला, तर 15,000 च्या भावाने तिन्ही गटांना अ बरा पडतो. कुठे दोन टक्के मागायचे आणि कुठे तीन महिने, हे आता तुम्हाला नेमकं माहीत आहे. "अजून काहीतरी वाढवा" असं मोघम बोलायची गरज नाही.

तुमच्या पीएमसीला (प्रकल्प सल्लागाराला) सांगून दोघांना एकाच दिवशी, उत्तराच्या एकाच मुदतीची पत्रं काढा: ब ला कार्पेटबद्दल, अ ला मुदत आणि दंडाबद्दल, दोघांना कॉर्पसच्या हप्त्यांबद्दल. दोन्ही पत्रांच्या प्रती सूचनाफलकावर लावा. उत्तरं येण्याआधी चिठ्ठ्या मोजून पिवळ्या चौकटी भरून घ्या आणि त्या कागदावर कमिटीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. उत्तरं आली की चौकटींना हात लावायचा नाही, फक्त खालच्या दोन ओळींतले ऑफरचे आकडे बदलायचे.